गाडी मागे घेताना

अण्णा,

तुम्ही दवाखान्याची गाडी मागे घेताय आणि मी तिच्या मागे उभी आहे. सुट्टीतली दुपार, आवारातली तांबडी माती, माझ्या पाठीशी दगडी हौद. तुमचं डोकं खिडकीबाहेर, कपाळावर घाम. मी दोन्ही हातांनी गाडीला जवळ बोलावतेय, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या," आणि हौद हातभर उरला की "बस!" आणि त्याच क्षणी पत्र्यावर तळव्याची एक थाप. नुसतं ओरडून भागत नाही, थापही हवी, हे तुम्हीच शिकवलं होतं. आवाज वाऱ्यावर कुठेही जातो, म्हणाला होतात, थाप पत्र्यातून सरळ सीटखाली येते. मग इंजिन बंद व्हायचं, तुम्ही उतरून चाक आणि हौद यांच्यामधलं अंतर बघायचात आणि गंभीरपणे म्हणायचात, "बरोबर." त्या एका शब्दासाठी मी बोर्डिंगमध्ये बसून सुट्टीची वाट बघायचे.

त्या फिरत्या दवाखान्यात डॉक्टरही तुम्ही आणि ड्रायव्हरही तुम्हीच, कारण ड्रायव्हरची जागा सरकारने कधी भरलीच नाही. मी शाळेत असताना मागे कोण उभं राहतं असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "आहे कंपाउंडर." मला त्या कंपाउंडरचा हेवा वाटायचा. एकदा तुम्ही मला न्यायला शाळेत आलात, तेव्हा मदर सुपिरियरच्या खोलीखालीच गुलाबांचा वाफा होता आणि गाडी वळवायला जागा नव्हती. मी ट्रंक खाली ठेवली आणि मागे जाऊन उभी राहिले. माझी थाप पडल्याबरोबर वरची खिडकी उघडली. सभ्य मुली लॉरीच्या क्लीनरसारख्या ओरडत नाहीत आणि गाड्या बडवत नाहीत, असं मदर सुपिरियर इंग्रजीत म्हणाल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. तुम्ही टोपी काढलीत आणि तितक्याच चांगल्या इंग्रजीत सांगितलंत, "मदर, ती हळू बोलली असती तर आत्ता तुमचे गुलाब माझ्या चाकाखाली असते." घाटाच्या वळणापर्यंत आपण दोघं हसत होतो.

हे सगळं आज का काढलं ते सांगते. इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलला आमच्या घरासमोर आमची गाडी उभी आहे आणि हे, म्हणजे तुमचे जावई, गेले कित्येक आठवडे तिच्या पाठीला भोकं पाडत होते. तुम्ही गेल्यावर ह्या देशात आमचं काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आधी गाडीचं सांगायला हवं. रिटायर झाल्यावर इथले लोक ग्रीनहाऊस घालतात. ह्यांनी एक पिक-अप ट्रक घेतला आणि त्याच्या पाठीवर बसणारी छोटी खोली घेतली. तिच्यात दोघांना झोपायची जागा, गॅसच्या दोन शेगड्या, हात धुण्यापुरतं बेसिन. तिचे चार पाय खाली सोडले की ती स्वतःच्या पायांवर उभी राहते आणि ट्रक खालून पुढे काढता येतो. आतल्या आरशात मात्र त्या खोलीच्या भिंतीशिवाय काहीही दिसत नाही. त्यामुळे गाडी मागे घ्यायची तर मागे माणूस हवाच, आणि तो माणूस मी. डेव्हनच्या शेतात, यॉर्कशरच्या चिखलात, जिथे रात्रीपुरती जागा भाड्याने मिळते तिथे तिथे मी उतरले आहे, अंगात रेनकोट आणि हातात तुम्ही दिलेला टॉर्च, आणि "येऊ द्या, येऊ द्या" करत गाडी लावून घेतली आहे. आजूबाजूचे गोरे लोक चहाचे मग हातात धरून बघत राहतात. एका बाईंनी तर ही तुमच्या धर्मातली प्रार्थना का, असं अदबीने विचारलं होतं. हे म्हणाले, हो, आणि देव अजून पावतोय.

आणि मग यंदा उन्हाळ्याच्या शेवटी एक पार्सल आलं. त्यात एक कॅमेरा, मुठीत मावेल एवढा, आणि पुस्तकाएवढा पडदा. दुसऱ्या पार्सलमध्ये दोन गोल हॅलोजनचे दिवे. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की मागचे दिवे आपोआप लागणार, पुढे ड्रायव्हरसमोर पडदा जागा होणार आणि गाडीच्या मागचं सगळं त्यात दिसणार. मी विचारलं, कशाला? हे म्हणाले, "सेफ्टी." एवढंच. छत्तीस प्रकारचे स्क्रू माझ्यासमोर पसरून प्रत्येकाचं चरित्र सांगणारा हा माणूस, अण्णा, आणि ह्या बाबतीत एक शब्द. मी तेव्हाच मनात म्हटलं, ह्यांना मागे माणूस नको झालाय.

एकदा संशय आला की सगळंच त्यात बसायला लागतं. हे दर गुरुवारी जवळच्या शहरात, रेडिंगला जायला लागले, पार्ट आणायला म्हणून. पार्ट आणायला कोणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? आणि येताना हात रिकामे. मोबाईलला कधी हात न लावणारा माणूस अंगठ्याने मेसेज टाइप करायला शिकला. फोन वाजला की मला सांगायचं, तू घे, आणि थोड्या वेळाने त्याच फोनवर टुकटुक मेसेज चालू. मी खोलीत गेले की फोन उलटा. गॅरेजमध्ये काम करताना मी दारातून काही विचारलं तर उत्तर नाही, पाठ तशीच. गाडीत रस्ता सांगणारी एक बाई असते, डब्यातली, सॅटनॅव्ह म्हणतात. तिचा आवाज ह्यांनी इतका मोठा करून ठेवला की मी शेजारी बसून काही बोलले तर ते बुडूनच जावं. तिने डावीकडे वळा म्हटलं की हे वळतात. मी म्हटलं की नाही. मी कोटाचे खिसे तपासले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई नवऱ्याचे खिसे तपासते. तुम्हाला आवडलं नसतं, पण तुम्ही इथे नव्हता. एक पेपरमिंट आणि एक फ्यूज निघाला.

बाहेरची बाई असेल असं मला खरं तर फारसं वाटलं नाही. त्याहून वाईट वाटत होतं. ज्या गाडीला मागे माणूस लागत नाही, ती गाडी एकट्याने कुठेही नेता येते. ह्यांनी नकाशाच्या पुस्तकात स्कॉटलंडच्या वरच्या टोकाला पेन्सिलीने गोल केले होते. मागे एकदा आम्ही दोघांनी तिकडे जायचं ठरवलं होतं, तेव्हा माझे गुडघे दुखतात म्हणून बेत बारगळला होता. आता वाटायला लागलं, गुडघेवालीला घरी ठेवून जायची ही तयारी. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस भांडून जात नाही, अण्णा. तो फक्त आपल्यावाचून अडणाऱ्या गोष्टी एकेक करून सोडवून टाकतो, आणि एक दिवस काहीच अडत नाही.

आणि वेल्स होतंच. ते कोणालाच सांगितलेलं नाही. पार्सल येण्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. डोंगराच्या उतारावरचं शेत, वारा असा की रेनकोट फडफड वाजत होता. एरवी मी ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यावर उभी राहते, म्हणजे बाहेरच्या आरशात दिसते. त्या दिवशी तिथे घोटाभर चिखल होता, म्हणून मी बरोबर मागे, दगडी कुंपणापाशी कोरड्या जागेवर उभी राहिले. "बस" म्हटलं. गाडी येतच राहिली. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. येतच राहिली. मागे कुंपण, पुढे गाडीवरच्या खोलीची ती पांढरी भिंत. मी दोन्ही तळहातांनी जीव खाऊन थाप मारली, तेव्हा थांबली. हे खाली उतरले, माझ्याकडे बघितलं, चेहरा पिठासारखा, आणि एक अक्षर न बोलता गॅसची नळी जोडायला गेले. त्या दिवशी सकाळी आमचं थोडं वाजलं होतं, ह्यांच्या बहिणीला दिवाळीला बोलवायचं की नाही यावरून. रात्री मी जागीच होते आणि माझ्या मनात एक विचार येऊन गेला. तो मी इथेही लिहीत नाही. तुम्हाला कळला असेल.

शेवटी मी लेकीला फोन केला. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. ती ग्लासगोला डॉक्टर आहे, तुमच्यासारखीच, फक्त हिच्या हॉस्पिटलला ड्रायव्हरसुद्धा मिळतो. मी तिला गुरुवार सांगितले, मेसेज सांगितले, पेन्सिलीचे गोल सांगितले. ती आधी हसली. मग हसायची थांबली. "आई, तू बाबाला सरळ विचार ना. मी नाही सांगणार. प्रॉमिस केलंय मी." म्हणजे तिलाही माहीत होतं. मेसेज तिलाच जात होते. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट झालं. बाप आणि मुलगी मिळून जे आईपासून लपवतात ते चांगलं कधी असतं?

हे तुम्हीच पसंत केलेलं स्थळ होतं, म्हणून रागाने तुमचीही आठवण काढली. आठवतं ना? इंग्लंडहून सुट्टीवर आलेला इंजिनियर मुलगा मला बघायला आला. आईने पोह्यांची बशी पुढे केली आणि तुम्ही म्हणालात, खाणं नंतर, आधी जरा गाडी फाटकाबाहेर काढून द्या, मागे घेऊनच काढावी लागेल. मला म्हणालात, जा, मागे उभी राहा. नऊवारीतल्या दोन मावश्या खिडकीत, नवरा मुलगा अनोळखी गाडीत, आणि मी जरीच्या साडीत रस्त्यावर उभी राहून ओरडतेय. माझा "बस" तोंडातून निघाला आणि गाडी जागच्या जागी थांबली. हे नंतर नेहमी सांगायचे की मी तुझा आवाज आधी पसंत केला, चेहरा त्यानंतर आरशात दिसला. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आईने तुम्हाला विचारलं, मुलगा कसा वाटला. गाडी पुढे सगळेच नेतात, तुम्ही म्हणालात, मागच्या माणसाचं ऐकतो का ते बघायचं होतं. "ऐकतो." तेवढ्यावर माझं लग्न ठरलं.

काल दुपारी काम पूर्ण झालं. दिवस कलता होता, इथे ऑक्टोबरात चहाच्या वेळेलाच कलतो. हे म्हणाले, चल, ट्रायल घेऊ, तू मागे उभी राहा. मी म्हटलं, कॅमेरा लावलाय ना, मग मी कशाला? हे ट्रकचं दार उघडत होते, पाठ माझ्याकडे. उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं, जरा धारदार. उत्तर नाही. इंजिन सुरू झालं. रिव्हर्सचे दिवे लागले आणि थेट माझ्या डोळ्यांवर आले. जमिनीवर नाहीत, बंपरवर नाहीत. खांद्याच्या उंचीवर बसवलेले, सरळ समोर. एवढी वर्षं इंजिनियर असलेल्या माणसाला दिवे कुठे लावायचे कळू नये? मी ओरडून सांगितलं की दिवे चुकलेत. गाडी हळूहळू माझ्याकडे येत राहिली. मी "बस" म्हणाले नाही. बघू या, म्हटलं, त्या पडद्याला कळतं का. गाडी थांबली, चांगली लांब, पाच-सहा पावलांवर. ते बघून मला इतका राग आला की मी पुढे गेले आणि पत्र्यावर थाप मारली, गुलाबांच्या वाफ्याशी मारली होती तशी.

हे उतरून मागे आले. दोघं त्या दिव्यांच्या उजेडात उभे.

"वेल्सला तू बस म्हणाली होतीस?" ह्यांनी विचारलं.

"दोनदा म्हणाले."

"मला एकदाही ऐकू आलं नाही. फक्त थाप आली, सीटखाली."

समोरच्या घरातले शेजारी कचऱ्याचा डबा बाहेर काढून ठेवत होते, ते हात करून आत गेले. मग हे बोलायला लागले, आणि थांबेचनात. डावा कान जवळपास गेलाय, उजवा त्याच वाटेवर. बायकांचे आवाज आधी जातात, म्हणे. माझा तर सगळ्यात आधी गेला. गुरुवारी रेडिंगला कानांच्या क्लिनिकमध्ये जातात, ते कानात घालायचं यंत्र बेतून घेतायत. डब्यातली बाई मोठी करूनसुद्धा पुसटच येते, पडद्यावरचा बाण बघून वळतात. फोनवर मुलगी काय बोलते ते कळत नाही म्हणून मेसेज. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ह्यांनी खिशातला फ्यूज काढून बोटांत फिरवला. "तुझ्या वडिलांनी मला एवढ्या एकाच गोष्टीवर पास केलं होतं. तीच गेली."

अण्णा, तुम्ही हे ऐकायला हवं होतं.

मला रडू आलं नाही, निदान लगेच नाही. मी म्हटलं, दिवे तरी नीट लावायचे होते, जमीन कुठे दिसतेय? तेव्हा हे माझा हात धरून मला पुढे घेऊन गेले आणि ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन बंद होतं, पण रिव्हर्स टाकलेलाच होता, पडदा जागा होता. स्वतः मागे जाऊन मी उभी होते तिथे उभे राहिले. कॅमेरा बंपरकडे वळवलेलाच नव्हता. तो बराच वर लावून माझ्या जागेवर रोखलेला होता, आणि त्या चौकटीत बरोबर मधोमध माझा म्हातारा नवरा, केस पांढरे, हात हलवत. त्यांचा माथा चौकटीच्या वरच्या कडेला कापला जात होता, कारण चौकट त्यांच्या मापाची नव्हती. माझ्या मापाची होती. परत येऊन म्हणाले, "जमीन बघून काय करू? जमीन कुठे जाणारे? तू सरकतेस." आणि मग, "माझ्या मागे कोण आहे ते मला दिसायला हवं."

स्कॉटलंडचे गोल आम्हा दोघांसाठी होते, असं म्हणतात. माझ्या गुडघ्यांसाठी पायरीसुद्धा बनवायला घेतलीय, असं म्हणतात. मी गॅरेजमध्ये जाऊन बघितलं. पायरी आहे. पण ती कालच्या भुशासकट इतकी नवीकोरी दिसतेय की माझ्या बोलण्यानंतर करायला घेतली नसेल कशावरून? एकदा लागलेली सवय अशी जात नाही.

आता तुमच्यावरचा संशयही सांगून टाकते, तो ह्यांच्यावरच्याहून जुना आहे. तुम्ही गेल्यावर मी घरी आले होते, तेव्हा कंपाउंडर भेटायला आले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मागे उभे राहायचात, मला तुमचा फार हेवा वाटायचा. ते गोंधळले. म्हणाले, "नाही हो ताई, साहेब मागे कोणालाच उभं करत नसत. उतरून एकदा बघायचे आणि घ्यायचे सरळ. आरशाचीसुद्धा गरज नसे." तेव्हापासून मी ते दुपारचं दृश्य पुन्हा पुन्हा बघतेय. मला आता असंही आठवतं की माझी थाप पडायच्या आधीच गाडी थांबलेली असायची. थोडीशीच आधी. म्हणजे गाडीला मी लागत नव्हते. मग तुम्ही मला भर उन्हात तिथे का उभं करत होता? इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही माझी समजूत घालत होता, लहान मुलाला काम दिल्यासारखं. त्याचा मला राग होता. काल त्या पडद्यात बघितल्यापासून वाटतंय की तुम्हालाही बहुतेक हौद बघायचाच नव्हता. बोर्डिंगमधून आलेली मुलगी आरशात बघायची असेल. तुम्ही हो म्हणू शकत नाही आणि मी विचारू शकत नाही, तेव्हा मी आपलं तसं धरून चालते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, आमच्या फिरत्या खोलीतल्या शेगडीखालच्या खणात राहील. माझ्यामागे कोणी ते उघडलं तर सोय व्हावी म्हणून लिहून ठेवते. गाडी आणि खोली लेकीला द्यावी, पण मागे माणूस उभा करणार असेल तरच. नुसत्या पडद्यावर घेणार असेल तर विकून टाकावी. आईचा खलबत्ता ह्यांच्या बहिणीला द्यावा, तिला दिवाळीला बोलवायचं मी मनात नक्की केलंय, हे तिला आत्ताच कळायची गरज नाही. शाळेतून मिळालेलं चांदीचं पदक जिला हवं तिने घ्यावं, मला त्याचं कधीच काही वाटलं नाही. तुमचा तीन सेलचा टॉर्च मात्र ह्यांना द्यायचा. मी निघताना विमानतळावर तुम्ही तो माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, तिकडे अंधार लवकर पडतो, मागे उभी राहशील तेव्हा लागेल. आता मागे दिवे आहेत, टॉर्चची गरज नाही, असं हे म्हणतात. तरी मी तो घेऊनच उतरणार आणि मुद्दाम चौकटीच्या पाऊलभर बाहेर उभी राहणार. पडद्यात मी दिसले नाही की गाडी थांबेल, खिडकीतून डोकं बाहेर येईल, आणि हे विचारतील, "कुठे आहेस गं?" मग मी टॉर्च लावीन.